हरकती व सूचना

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या पिवळ्या रेघांवर
घडीच्या खुर्च्या मांडल्यात एकशेवीस.
आलेत सदतीस जण, आणि एक कुत्रा,
ज्याची नोंद नाही.

वायोमिंग. नोव्हेंबर. बाहेरचा वारा
पिकअपची दारं कुणाला विचारून आपटत नाही.

टेबलावर छोटा दिवा : हिरवा, पिवळा, लाल.
बावीस हजार एकर सरकारी जमीन,
चौऱ्याहत्तर जुन्या तेलविहिरी,
त्यातल्या एकोणीस आता कुणाच्याच नाहीत;
या सगळ्याचं पुढे काय करायचं
ते प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगायचं.

मी स्टेनो. कॅस्परहून येते, दोन तास गाडी हाकत,
ओळीमागे ठरलेल्या दराने.
ऐकणं माझं काम नाही. उमटवणं.

पहिली ग्रासियाना एचेव्हेरी. मेंढ्या दोनशे दहा.
म्हणते, गवत माझं, गवताखालचं सरकारचं.
माझ्या आज्याने तो कागद वाचला नव्हता,
बास्क भाषेत तो नव्हताच.
तर मला एवढंच सांगा साहेब,
माझं संपतं कुठे? मुळांपाशी? वीतभर खाली?
मेंढी मेली की मी चार फुटांवर पुरते.
म्हणजे सरकारात पुरते का?
(हशा.)
हशा कंसात जातो.

मग डेलमार व्हॉस. तेहतीस वर्षं रिगवर.
उजव्या हाताला तीनच बोटं,
म्हणून माइक डाव्या हातात.
खोदा, म्हणतो. पुन्हा खोदाच.
या जिमचं छप्पर त्या तेलाचं, हा स्कोअरबोर्ड त्या तेलाचा,
माझ्या पोरीचे वाकडे दात सरळ झाले ते त्याच तेलावर.
टाळ्या. तो बसत नाही.
पिवळा लागतो.
पण ती सात नंबरची विहीर, म्हणतो,
ती आम्ही नीट बुजवली नाही.
शुक्रवार होता. सिमेंट कमी पडलं.
वरून माती लोटली
आणि घरी गेलो.
लाल.
धन्यवाद, मिस्टर व्हॉस, असं टेबलामागून येतं.

माझी बोटं एक क्षण मागे राहतात.
हे हरकतीत घालू की सूचनेत?
फॉर्मवर रकाने दोनच.

मग सोलरवाला, टायची गाठ सारखी चाचपणारा.
मग हरणांच्या वाटेसाठी कुणीतरी,
हिवाळ्यात ती कुंपणापाशी कशी थिजून उभी राहतात ते.
एकाने आणलेला कागद इतक्या भरभर वाचला
की मला तीनदा (अस्पष्ट) लिहावं लागलं.

सगळ्यात शेवटी व्हर्ना व्हाइटप्लूम, रिझर्व्हेशनवरून.
चष्मा पुसते. नोटिशीची घडी उलगडते.
यात ‘भावी वापर’ चौदा वेळा आहे, म्हणते.
मी मोजला.
‘परत’ एकदाही नाही.

एवढंच.
आणि मग उभीच राहते,
हात खिशात, समोर बघत,
हिरव्यात, पिवळ्यात.
कुणीतरी खोकतं. कुत्रा उठून जागा बदलतो.
धन्यवाद म्हणायला सभाध्यक्षांना
लाल दिव्याची वाट बघावी लागते.

परतताना रस्ता जुन्या विहिरींमधून जातो.
काच किलकिली केली तर नासक्या अंड्यांचा वास.
सात नंबर कुठली, मला ठाऊक नाही.
अंधारात त्यांना पाट्या नसतात.
काच वर केली. वास आतच राहिला.

घरी, सगळं नीट कागदावर उतरवताना,
‘शुक्रवार होता’ हे दोनदा तपासलं.
आणि व्हर्नाच्या वाक्यानंतर जागा सोडली
दोन मिनिटं चाळीस सेकंदांची.
माझ्या हिशेबाने, सव्वा पान कोरं.

दर ओळीला आहे.
कोऱ्याचे पैसे मिळत नाहीत.